माग हलवला आहे, बाबा

सोलापूर,
रविवार, रात्री साडेदहा

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा पाण्याच्या पाळीबद्दल बोलून फोन ठेवला. म्हणून हे पत्र. दादा वाचून दाखवेल, पण बाबा, तुम्ही स्वतःच वाचा, चष्मा लावून. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आधी खुशाली. इथलं घर ठीक आहे. काकू तुळशीला पाणी घालतात. मी वेळेवर जेवते. आमच्या पुनर्वसन सेंटरच्या मेसमध्ये रोज ज्वारीची भाकरी असते, आई, तुझ्यासारखी नाही, पण असते. रात्रीची ड्यूटी असली की तिथेच मागच्या खोलीत झोपते. कूलर आहे, खिडकीला जाळी आहे, बाथरूम आतच आहे. पेशंट तीन-तीन महिने राहतात तिथे. मला तर आठवड्यातल्या तीनच रात्री काढायच्या असतात.

आता मुद्द्याचं. पडवीतला माग मी सेंटरवर नेला, गेल्या सोमवारी. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर 'ने की' म्हणाला असता, पण अशा आवाजात, की मला तो हलवताच आला नसता.

पडवीचा पत्रा दोन ठिकाणी गळतो. मागच्या पावसात डाव्या खांबाला वाळवी लागली होती, ती मी रॉकेल लावून घालवली. दादा तर मागे म्हणालाच होता की सरपणाच्या भावात जाईल एक दिवस. (दादा, रागावू नकोस, म्हणाला होतास.) हे सगळं खरं आहे, पण माग त्यासाठी नेलेला नाही.

आमच्याकडे मंगळवेढ्याकडचे एक काका आहेत. शेतकरी माणूस. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला. डावा हात कमजोर झाला, ते एक वेळ चाललं असतं, पण त्यांच्यासाठी डावी बाजूच जगातून गेली. डोळ्यांना दिसतं, मेंदू दखल घेत नाही. ताटातली उजवीकडची भाजी संपवतात, डावीकडची तशीच, वर म्हणतात आज कमी वाढलं. दाढी अर्धी. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटतो. 'काका, डावीकडे बघा' असं मी दिवसातून शंभर वेळा म्हणायचे. बघायचे, आणि परत तेच.

एका रात्री पडल्या पडल्या धोटा आठवला, बाण्याचा आडवा धागा घेऊन जाणारा. उजवीकडून सुटला की डावीकडे घ्यावाच लागतो, नाहीतर पडतो. तिथे कुणी 'बघा' म्हणायची गरज नाही.

बाबा, तुम्ही विचाराल म्हणून सांगते. मागाचे पाय कापलेले नाहीत. व्हीलचेअर खाली जावी म्हणून ठोकळे दिलेत. बसायची फळी काढली, ती घरीच आहे, चादरीत गुंडाळून. धोट्याची दोरी काढून ठेवली, कारण दोरीने ओढला तर डावीकडे बघावंच लागत नाही. हातानेच सरकवायचा. पायाखालच्या पावड्या मी दाबते. सगळी लाकडं खडूने नंबर घालून सुटी केली आणि मागाची फणी तुमच्या जुन्या धोतरात गुंडाळून रिक्षात मांडीवर घेऊन बसले.

आणि एक. तुमचं अर्धं राहिलेलं कापड कापावं लागलं, जुना ताणा, म्हणजे उभे धागे, कुजला होता. हातभर भरलं. धुतलेलं नाही. घडी करून आईच्या ट्रंकेत ठेवलंय, वरच.

नवा ताणा पूर्व भागातल्या एका म्हाताऱ्या विणकराने चढवून दिला. पैसे घेतले नाहीत, चहा दोनदा घेतला.

मी मुंबईला शिकायला गेले तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगायचात, मुलगी मालिशचं शिकतेय. मी चिडायचे. ही विद्या, ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या कामांतून उपचार, आपल्याकडे आणली कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकर झालेल्या. 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात पहिला वर्ग सुरू झाला. आणि त्याच्याही आधीपासून, पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांपासून, परदेशात पेशंटला विणायला बसवतात. हे मी परीक्षेत लिहिलंय, बाबा, मार्क मिळवलेत. तरी झटक्याने तुमचा उजवा हात गेला तेव्हा मी तुम्हाला काय दिलं? कपड्यांचे चिमटे, वाटीतले राजम्याचे दाणे, रबरी चेंडू. माग दहा पावलांवर होता. तुमचा हात तिथे चुकताना तुम्ही बघाल याची भीती वाटली. खरं तर मीच बघेन याची. त्या दिवाळीनंतर पडवीचं दार लावलं ते मीच, आई नव्हे.

लाईट गेली की गल्लीतले सगळे यंत्रमाग एकदम गप्प व्हायचे आणि आपला एकटा खट-खट चालू राहायचा, आठवतं? मला ते ऐकल्याशिवाय झोप यायची नाही. धाग्याच्या बारा कांड्या भरल्या की एक लिमलेटची गोळी. मी अकराच भरून बारा सांगायचे. तुम्हाला माहीत होतं ना?

आता ऐका, दोघंही. सदरा घालताना उजवा हात आधी, काढताना डावा आधी. पायरी चढताना चांगला पाय पुढे, उतरताना अधू पाय पुढे. दादाला सांगा, बाबांना उठवताना उजव्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निसटतो. कमरेला धरायचं. बाथरूममधला प्लास्टिकचा स्टूल आजच्या आज बाहेर टाका, घसरतो. आई, तू भरवणं बंद कर. सांडलं तर सांडू दे, पुसायला दादा आहे. चमच्याच्या दांडीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळ, पकड येते. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. आणि तुझा गुडघा, आई: देवपूजा खुर्चीवर बसून केली तरी सिद्धेश्वराला चालतं. शेंगाचटणी पाठवली आहे, मीठ कमी घातलंय, वरून घेऊ नका.

सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला या म्हणणार नाही, नंदीध्वजाच्या काठ्यांच्या गर्दीत मी तुम्हाला सोडणार नाही. संक्रांत झाल्यावर या. दादासोबत हुतात्मा एक्स्प्रेसने, दिवसाउजेडी नव्हे तर रात्री पोहोचते ती, पण स्टेशनवर मी असेन. सेंटरवर यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी नेणार नाही. 'काय करूलालीस गं तिथं' असं एकदा विचारायचात तसं विचारलंत, तर सांगेन.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, काकांच्या हातून डावा काठ आत ओढला जातोय. दर बोटभर विणलं की कापड अरुंद होतं. कापडाचा आणि या पत्राचाही फोटो दादाच्या मोबाईलवर टाकलाय. बाणा ढिला सोडायला सांगू, की आणखी काही चुकतंय? उद्या दहाला ते मागावर बसतील, त्याआधी कळवा.