खोक्यावर डब्ल्यूपी, आत भलतेच इंजिन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
भारतीय वितरण कार्यालय, पुणे

विषय: ‘भारतीय मालिके’तील वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलबद्दल तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीच्या ‘भारतीय मालिके’तले पहिले इंजिन मी गेल्या महिन्यात कॅम्पातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून ३८,५०० रुपयांना घेतले. माप एचओ, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या १:८७. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘डब्ल्यूपी, भारतीय रेल्वे’, म्हणजे आपले ब्रॉडगेजवर प्रवासी गाड्या ओढणारे वाफेचे इंजिन, असे छापले आहे. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. इंजिन चालते उत्तम. आवाज, दिवे, धूर, कशाबद्दलच तक्रार नाही. तक्रार एवढीच की ते डब्ल्यूपी नाही.

डब्ल्यूपी ओळखायची ती तोंडावरून. पुढे आलेले गोल, निमुळते नाक आणि त्यावर चांदणी. आपल्या इंजिनाचे तोंड सपाट आहे आणि त्या सपाट तोंडावर चांदणीचा स्टिकर चिकटवला आहे. बॉयलरच्या दोन्ही बाजूंना धूर वर फेकणारे उभे पत्रे आहेत, जे डब्ल्यूपीला नसतात. मग मी बारीक मापे घेणारा व्हर्नियर काढला. मोठी चाके २३ मिमी भरली. डब्ल्यूपीची चाके ५ फूट ७ इंच, या मापात साडेएकोणीस मिमी. २३ मिमी म्हणजे प्रत्यक्षात २ मीटर, आणि ती जर्मनीच्या ०१ वर्गाची चाके आहेत. ते इंजिन आपल्याच कॅटलॉगमध्ये वेगळ्या रंगात आहे. पगडी चढवली म्हणून कोणी पुणेकर होत नाही.

माझ्या पहिल्या ईमेलला उत्तर आले की हे ‘प्रातिनिधिक मॉडेल’ आहे, भारतीय इंजिनांना मागणी कमी, नवीन डाय (साचा) परवडत नाही आणि भारतीय ब्रॉडगेज आपल्या रुळांवर बसत नाही.

डायचे मला सांगू नये. माझी नोकरी भोसरीच्या टूलरूममध्ये गेली. सगळी बॉडी नव्याने करायला किती खर्च येतो ते मला माहीत आहे, म्हणून एकाच डायमधून चार रेल्वेंच्या रंगांची इंजिने काढली तर मी कुरकुर करत नाही. पण निदान तोंडाचा इन्सर्ट, म्हणजे डायमधला बदलता येणारा भाग, तरी बदलायचा होता! तेवढा एक तुकडा वेगळा केला असता तर हे पत्र निम्मे झाले असते.

मागणीबद्दल: जर्मन ०१ नव्याने बांधली गेली २३१. डब्ल्यूपी बांधली गेली ७५५. १९४७ साली अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्याकडून पहिली १६ आली, पुढे कॅनडा, पोलंड, अगदी व्हिएन्नाहूनही आली, आणि साठच्या दशकात चित्तरंजनला बनू लागली. मालगाडीचे डब्ल्यूजी तर २,४५०. संख्येवरून कोणी मॉडेल निवडत नाही हे मला समजते. इंग्लंडचे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे इंजिन एकच, तरी त्याची मॉडेले निघतच असतात, कारण ते इंजिन जिवंत आहे, लोक पाहतात, मोजता येते. मग दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात डब्ल्यूपी ७००० उभे आहे, रेवाडीच्या शेडमध्येही डब्ल्यूपी जपून ठेवले आहे. टेप घेऊन कोणी गेले होते का? आणि मागणी पाहायची असेल तर सुट्टीच्या दिवशी कर्वे रस्त्यावर जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात जावे. आपल्या कार्यालयापासून लांब नाही.

आता रुळांचे. हा मुद्दा खरा आहे. आपल्या मॉडेलच्या दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिमी, म्हणजे परदेशी १,४३५ मिमीचे. भारताची ब्रॉडगेज १,६७६ मिमी, ती १:८७ मध्ये १९ मिमीच्या वर जाते. खऱ्या अंगाचे डब्ल्यूपी अरुंद रुळांवर उभे केले असते तरी मी चालवून घेतले असते. पण रुळांचीच अडचण होती तर रुळांवर अचूक बसणारे भारतीय इंजिन का निवडले नाही?

बार्शी लाईट रेल्वे. गेज २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी. आपल्याच कॅटलॉगच्या शेवटच्या पानांवर ऑस्ट्रियाची ७६० मिमी गेजची छोटी इंजिने आहेत, ९ मिमीच्या रुळांवर चालणारी. ७६२ ला ८७ ने भागा, पावणेनऊ येतात. रूळ तयार, मोटर तयार, कपलिंग तयार. फरक प्रत्यक्षात दोन मिलिमीटरचा.

आणि इंजिनही कसे! १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने सुरू केली. कोणत्याही एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको, हे धरून त्याने इंजिन आणि डबे आखले, म्हणजे हलक्या रुळांवर भरपूर माल नेता येतो. लीड्सच्या किटसनने बांधलेले पहिले इंजिन आठ मोठ्या चाकांचे, मागे चार छोटी. पुढे ही लाइन पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत जाऊन सव्वातीनशे किलोमीटर झाली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी ओसंडून वाहायची ती हीच गाडी. याच कॅलथ्रॉपने नंतर इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची जेमतेम १३ किलोमीटरची लाइन केली. इंजिने दोन, आयुष्य १९०४ ते १९३४. तिकडचे हौशी लोक आजही तिच्यावर जीव टाकतात. थोरली बहीण बार्शी मात्र कोणाच्या कॅटलॉगमध्ये मला अजून भेटलेली नाही.

माझ्या मागण्या अशा. पूर्ण रक्कम परत मिळावी. खोक्यावरून आणि जाहिरातीतून ‘डब्ल्यूपी’ हे नाव काढावे. ‘०१, काल्पनिक भारतीय रंगात’ असे लिहून विकायला माझी हरकत नाही, कोणाला हवे असेल तो घेईल. आणि बार्शीबद्दलचा वरचा मजकूर मालिकेची निवड करणाऱ्यांपर्यंत पोचवावा, ग्राहक सेवेच्या फाइलमध्ये ठेवू नये. ३० दिवसांत उत्तर न आल्यास दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाईन. ग्राहक पंचायतीची चळवळ याच गावात सुरू झाली, हे आपल्या मुख्य कार्यालयाला कळवून ठेवावे.

इंजिन खोक्यात, थर्माकोलसकट, जसेच्या तसे ठेवले आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याच्याकडे पोच लिहून द्यायचा अधिकार असावा.

आपला,
(सही)
सदाशिव पेठ, पुणे

सोबत: पावतीची प्रत, व्हर्नियरसह चाकांचे फोटो, आपल्या ईमेलची प्रत