फिशर यांचे पाच पौंड सर्व मातांसाठी नव्हते

ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँड्र्यू फिशर यांच्यावरील रविवार पुरवणीतील लेखात, त्यांनी १९१२ मध्ये 'प्रत्येक मातेला' प्रसूती अनुदान दिले, असे म्हटले आहे. हे विधान दुरुस्त व्हायला हवे.

फिशर यांचे मोठेपण वादातीत आहे. स्कॉटलंडच्या कोळसा खाणीत लहानपणापासून राबलेला हा माणूस १८८५ मध्ये क्वीन्सलँडला गेला, १९०१ च्या पहिल्याच संघीय निवडणुकीत वाइड बे मतदारसंघातून निवडून आला आणि पुढे तीनदा पंतप्रधान झाला. पाच पौंडांचे ते अनुदान अविवाहित मातांनाही मिळे. त्या काळी हे धाडसच होते, आणि चर्चचा रोष पत्करून त्यांनी ते केले.

पण त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाने आशियाई स्त्रिया, तसेच ऑस्ट्रेलिया, पापुआ आणि पॅसिफिक बेटांवरील मूलनिवासी स्त्रिया यांना वगळले होते. तिथे राहणारी भारतीय माताही त्यामुळे अपात्र ठरली. ही नजरचूक नव्हती. १९०२ च्या मताधिकार कायद्यातही आशियातील मूळ रहिवाशांना असेच वगळलेले होते आणि 'श्वेत ऑस्ट्रेलिया', म्हणजे गोऱ्यांखेरीज इतरांना देशात स्थायिक होऊ न देणे, हे तर फिशर यांच्या मजूर पक्षाचे जाहीर धोरण होते. भारतीय नेते श्रीनिवास शास्त्री यांच्या १९२२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यानंतर, १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्यांना संघीय मताधिकार मिळाला.

भारतीय वाचकांसाठी लिहिलेल्या चरित्रलेखात नेमके हे कलमच गाळले जावे, याचे वाईट वाटते.

– एक वाचक, सांगली