जुना मोबाइल भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-कचऱ्याविषयी आपल्या दैनिकात जो लेख आला, त्यात जुने मोबाइल अधिकृत संकलन केंद्रात जमा करण्याचे आवाहन आहे. पूर्ण निकामी झालेल्या फोनच्या बाबतीत ते योग्यच. पण काच तडकली किंवा नवा घेतला म्हणून कितीतरी चालू फोन कपाटात पडून असतात. त्यांच्याकडून आधी एक मोठे काम करून घेता येते. असा फोन शाळेचा वेब सर्व्हर होतो. पेठ तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत तो चालतो आहे, म्हणून अनुभवाने लिहिते.

सर्व्हर म्हटले की थंडगार खोल्यांतली मोठाली यंत्रे डोळ्यांपुढे येतात. मात्र ज्याने जे पान मागितले ते त्याला देणे, एवढेच सर्व्हरचे मूळ काम. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर सुरू केला, तो टेबलावरच्या एका संगणकावर. त्याच्या प्रोसेसरचा वेग २५ मेगाहर्ट्झ होता. हा सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी त्याच्यावर चिकटवलेली होती. आज अडगळीत गेलेला साधा अँड्रॉइड फोनसुद्धा त्याच्या कितीतरी पट ताकदीचा असतो. फोनवर सर्व्हर चालवणे हेही काही नवे नाही. नोकियाच्या संशोधकांनी २००६ च्या सुमारास त्या काळच्या सिम्बियन प्रणालीच्या फोनवर अपाचे हा सर्व्हरचा प्रोग्रॅम चालवून दाखवला होता.

आमच्या पाड्यावर पावसाळ्यात वीज जाते आणि तिच्यामागोमाग मोबाइलची रेंजही जाते. शाळेला मिळालेले टॅब अशा वेळी नुसते पडून राहायचे. आता तडकलेल्या काचेच्या एका फोनवर, संगणकासारखे प्रोग्रॅम चालवू देणारे टर्मक्स नावाचे मोफत अॅप घातले आहे आणि त्यात एनजिनएक्स हा सर्व्हरचा प्रोग्रॅम चालतो. कोणाच्या तरी घरी बंद पडलेल्या ब्रॉडबँडचा राउटर आम्हाला मिळाला. त्याला इंटरनेटची तार जोडलेली नाही. फोन आणि टॅब एकमेकांशी जोडायला तो लागतो. फोनच्याच हॉटस्पॉटवरही भागते, पण तिथे बहुधा आठ-दहा टॅबच जोडता येतात. टॅबच्या ब्राउझरमध्ये फोनचा पत्ता (आयपी क्रमांक) आणि पुढे ८०८० टाकले की शाळेचे पान उघडते. पोर्ट म्हणजे यंत्रात शिरायचे क्रमांक दिलेले दार; सर्व्हर एरवी ८० क्रमांकाच्या पोर्टवर असतो. पण १०२४ च्या खालची पोर्ट अँड्रॉइड साध्या अॅपला वापरू देत नाही, म्हणून हा आकडा. फोनला स्वतःची बॅटरी असल्याने वीज गेली तरी सर्व्हर चालूच राहतो. राउटरला तेवढा एक छोटा बॅकअप लावावा लागला.

या सर्व्हरवर आम्ही बालभारतीची पुस्तके ठेवली आहेत. किविक्स या अॅपमुळे मराठी विकिपीडियाही इंटरनेटशिवाय वाचता येतो. पण मुलांचा जीव रमतो तो त्यांनी स्वतः लिहिलेल्या पानांत. सहावीच्या एका मुलीने शेवळं या रानभाजीवर पान केले. पहिल्या पावसात शेवळं कुठे उगवतात, ती काकड या झाडाच्या फळांबरोबर का शिजवायची, नाही शिजवली तर घसा कसा खवखवतो, हे तिने आजीला विचारून लिहिले, आणि आजीचा कोकणी बोलीतला आवाजही पानावर घातला. पहिल्यांदा पान उघडले तेव्हा मराठीच्या जागी अगम्य खुणा दिसल्या. पानाच्या डोक्यावर यूटीएफ-८ असे, म्हणजे अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवली ते, लिहिल्याशिवाय ब्राउझरला देवनागरी ओळखता येईलच असे नाही, हे तिने स्वतः शोधून काढले. आज ती हे बाकीच्यांना समजावून सांगते.

सर्व्हरकडे कोण काय मागते याची नोंदवही फोनच्या पडद्यावर ओळीओळीने सरकत असते. मुलांना ती फार आवडते. टॅबवर बोट लागले की इकडे नवी ओळ उमटते. शेवटी २०० असेल तर पान मिळाले, ४०४ असेल तर त्या नावाची फाइलच नाही. मग नावातले स्पेलिंग तपासायला सगळे धावतात. इंटरनेट म्हणजे कोणीतरी कुठेतरी ठेवलेल्या फाइली, ही गोष्ट मला फळ्यावर इतकी नीट कधीच शिकवता आली नसती.

काळजीच्या गोष्टीही आहेत. सतत चार्जरला लावून ठेवलेल्या फोनची बॅटरी फुगू शकते, म्हणून आम्ही तो काही तासच चार्ज करतो आणि बंद कपाटात कधीच ठेवत नाही. पडदा बंद झाला की अँड्रॉइड मागे चालणारी अॅप झोपवून टाकते. त्यासाठी टर्मक्सला बॅटरी बचतीतून वगळावे लागते आणि त्याच्या नोटिफिकेशनमधला वेकलॉक, म्हणजे फोनला झोपू न देणारा पर्याय, लावावा लागतो. मुलांची नावे, फोटो किंवा आधार क्रमांक आम्ही यावर ठेवत नाही. हे पान बाहेरच्या जगाला दिसत नाही, आणि तसे असणेच मला योग्य वाटते. तसेही सिम कार्डावरच्या फोनपर्यंत बाहेरून थेट पोहोचणे बहुधा कठीण असते. जुन्या पद्धतीचा (आयपीव्ही४) एकच पत्ता कंपन्या अनेक ग्राहकांमागे वापरतात.

शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की शिक्षकांच्या तंत्रज्ञान प्रशिक्षणात याचा एक दिवस ठेवावा. सध्या तिथे तयार व्हिडिओ कसे दाखवायचे तेवढे शिकवतात. मुलांनी फोनवर नुसते पाहतच राहावे हे मला मुळीच मान्य नाही; सर्व्हरसारखे इतरांना पाने वाढून देणारे हातही त्यांचेच असू शकतात. डीएड महाविद्यालये आणि आयटीआय यांनी जवळच्या एकेका शाळेला ही जोडणी करून दिली तरी पुष्कळ होईल.

आणि वाचकांना एक विनंती. फोन अँड्रॉइड ७ किंवा त्यापुढचा असेल, बॅटरी फुगलेली नसेल आणि टच चालत असेल, तर तो आपल्या गावच्या शाळेला द्या. देण्याआधी त्यातले सिम आणि मेमरी कार्ड काढा, गूगल खात्यातून बाहेर पडा आणि मगच फोन फॅक्टरी रीसेट करा. खाते तसेच राहिले तर रीसेटनंतर फोन तुमचाच पासवर्ड मागू शकतो आणि मग शाळेला तो सुरूच करता येत नाही. सोबत चार्जरही द्या.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, ता. पेठ, जि. नाशिक