करार बंदरापर्यंत, गॅस मात्र हवेत

मा. संपादक,

हवामान परिषद भरली की 'या करारांनी साधले काय?' असा प्रश्न वाचकपत्रांतून हटकून येतो आणि उत्तर बहुधा पॅरिस करारावरून काढले जाते. 2015 च्या त्या करारात प्रत्येक देश आपले लक्ष्य आपणच ठरवतो आणि ते चुकले तरी दंड नाही. त्याआधीच्या क्योटो करारातली लक्ष्ये बंधनकारक होती, तर कॅनडाने 2011 मध्ये बाहेर पडत असल्याचे कळवून टाकले. पण म्हणून सगळे करार एकाच तागडीत तोलू नयेत. 1987 चा माँट्रियल करार चालला, आणि त्याचा संबंध आपल्या खिडकीबाहेरच्या एसीशी आहे.

तो झाला ओझोन थरासाठी. पण त्याने बंद केलेले सीएफसी, म्हणजे पूर्वी फ्रिज-एसीत भरले जाणारे वायू, तापमानवाढीच्या बाबतीतही कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट जहाल. यशाची कारणे अगदी रोखठोक आहेत. कोणता वायू, किती टक्के, कोणत्या वर्षापर्यंत, याचे कोष्टकच त्यात आहे. हिशेब उत्पादन अधिक आयात वजा निर्यात, म्हणजे कारखान्याच्या दारात आणि बंदरावर तपासता येईल असा. कराराबाहेरच्या देशांशी या वायूंच्या व्यापारावर निर्बंध, आणि विकसनशील देशांतल्या कारखान्यांना बदलासाठी बहुपक्षीय निधीतून पैसे. लबाडीही झाली. 2012 नंतर सीएफसी-11 चे उत्सर्जन वाढले. कोरिया आणि जपानच्या बेटांवरील मोजणी केंद्रांनी माग पूर्व चीनपर्यंत नेला आणि ते पुन्हा खाली आले. चोर हवेनेच पकडून दिला म्हणायचा!

याच करारात 2016 च्या किगाली दुरुस्तीने एचएफसी वायू, म्हणजे सीएफसींच्या जागी आलेले एसीतले गॅस, आले. भारताने 2021 मध्ये तिला मान्यता दिली. 2028 मध्ये वापर गोठवायचा, 2032 मध्ये 10 टक्के आणि 2047 पर्यंत 85 टक्के कपात.

मात्र हा सारा हिशेब नव्या गॅसचा. सिलिंडर विकला गेला की करार तिथेच थांबतो. भिंतीवरच्या यंत्रात आधीच असलेला गॅस हवेत गेला तरी देशाच्या खात्यावर काहीच चढत नाही. आर-410ए या एचएफसी गॅसवर चालणाऱ्या दीड टनी एसीत साधारण किलोभर गॅस असतो आणि त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,088 पट. पाइप जोडणारा फ्लेअर नट सैल करून तो सोडला की दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे. आर-32 या दुसऱ्या एचएफसी गॅसचा आकडा 675, म्हणजे बरा, पण निरुपद्रवी नव्हे.

एसी काढताना पंप-डाउन करणे, म्हणजे सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये गोळा करणे, अवघड नाही. यंत्र कूलिंगवर चालवायचे, एलन-कीने बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच वीज तोडायची. काटा शून्याखाली जाऊ देऊ नये. नळी कुठे फुटकी असेल तर हवा आत ओढली जाते आणि कंप्रेसर फुटू शकतो. घर बदलताना एवढे पुरते. एसी भंगारात जाणार असेल तर नाही: गॅस आउटडोअर युनिटमध्येच राहतो आणि भंगारवाल्याने पाइप तोडला की सुटतो. कंप्रेसर बंद पडला असेल तर पंप-डाउन शक्यच नाही. दोन्हींवर इलाज एकच, रिकव्हरी मशिनने गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढणे. सिलिंडर 80 टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही, कारण उन्हात द्रव प्रसरण पावतो.

हे होत नाही, याचा दोष एकट्या मेकॅनिकवर टाकणे अन्याय्य आहे. त्याला पैसे कामागणिक मिळतात, रिकव्हरीची वेगळी मजुरी कोणी देत नाही आणि ओढलेला गॅस द्यायचा कुठे, हेही त्याला माहीत नसते. गिऱ्हाइकालाही दरवर्षी 'गॅस भरून' हवा असतो. नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाच्या पाण्याने गळती शोधायला थांबायची तयारी नसते.

जुना एसी परत घेणाऱ्या विक्रेत्याच्या बिलावर काढलेल्या गॅसचे वजन छापणे सक्तीचे करावे. तो गॅस विकत घेणारे शुद्धीकरण केंद्र निदान प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी हवे, आणि त्याचा दर नव्या सिलिंडरच्या तुलनेत मेकॅनिकला परवडेल असा हवा.

– वातानुकूलन क्षेत्रातील एक अभियंता, पुणे