शाळेचा इतिहास लिहितोय: जुने कागद आहेत तसे आणून द्या

आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या पॅरिशच्या, शाळेचा इतिहास लिहायला घेतला आहे. घरात शाळेचा कुठलाही जुना कागद असेल तर तो आहे तसा आणून द्यावा, ही विनंती. पुसू नका, चिकटवू नका आणि लॅमिनेट तर मुळीच करू नका. लॅमिनेशनच्या उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुन्हा निघत नाही. निघालेच तर कागद घेऊन निघते.

चर्चच्या नोंदवह्यांना नियमाचा आधार आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी ठेवायला लावल्या. आजच्या कॅनन लॉमधले (चर्चच्या कायद्यातले) ५३५वे कलम जुन्या वह्याही जपायला सांगते. शाळेत मात्र जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची मुख्य नोंदवही, कायम ठेवतात आणि फीच्या पावत्या, हजेरीपट, संमेलनाच्या पत्रिका रद्दीत जातात. तपासनिसांच्या शेरेबुकाचीही तीच गत. चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या शिक्षणविषयक सरकारी खलित्याने खासगी शाळांना अनुदानाची वाट मोकळी केली आणि अनुदानाबरोबर तपासणी आली. छप्पर, बाके, मुलींची संख्या यांविषयी बाहेरच्या माणसाचे मत वाचायला मिळते ते शेरेबुकातच. कुणाच्या माळ्यावर असे एखादे पडले असेल तर ते आम्हाला सर्वांत आधी हवे.

जनरल रजिस्टर मिळाले की सगळे कळते, असेही नाही. पान उघडले की १ जून ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा दिसते. प्रवेशाच्या वेळी दाखला नसला की मास्तर शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख टाकून मोकळे होत. मुलाची खरी तारीख बाप्तिस्म्याच्या वहीत सापडते. म्हणून दोन्ही वह्या शेजारी ठेवून आईवडिलांच्या नावावरून जुळवणी करावी लागते. हे काम डोळ्यांचे आहे. जुने वळणदार अक्षर वाचता येणाऱ्यांनी आठवड्यातून दोन तास दिले तरी मोठी मदत होईल.

स्थापनेच्या सालाचाही घोळ होतो. चर्चच्या पडवीत वर्ग भरू लागला ते साल, पायाभरणीचे, इमारतीच्या आशीर्वादाचे, सरकारी मान्यतेचे, अशी चार साले निघू शकतात. कोनशिलेवरचे एकच साल धरून महोत्सव केला तर आधीचे मास्तर इतिहासातून गळतात. आम्ही चारही साले पुराव्यासह छापू. पडवीतल्या वर्गाचा पुरावा बहुधा धर्मग्रामाच्या रोजकीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत), मास्तरांच्या पगाराच्या ओळीत असतो.

फोटोच्या पाठीवर बॉलपेनने नावे लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. नावे वेगळ्या कागदावर, रांगेनुसार डावीकडून लिहा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, अल्बमच आणा. ओलसर वही उन्हात टाकू नका, सावलीत पंख्याखाली उभी उघडून ठेवा. जुनी लोहयुक्त शाई कागद जाळत जाते, तिला पाणी लागू देऊ नका.

कागद ४०० आणि फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून, पोचपावतीनुसार मूळ प्रत परत देऊ. स्कॅनच्या तीन प्रती राहतील, त्यांतली एक चर्चच्या आवाराबाहेर. जात, पत्ता, शेरे असे खासगी रकाने छापणार नाही.

देणगी रोख नको असेल तर वस्तू द्या: आम्लविरहित कागदाची पाकिटे व खोके, बाहेरून जोडायच्या दोन हार्डडिस्क आणि पुस्तक पूर्ण न उघडता वरून टिपणारा स्कॅनर. रोख देणगीची पावती धर्मग्रामाच्या कार्यालयात मिळेल. कागदही तिथेच, रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) स्वीकारले जातील.