सबस्टेशनमधल्या वायूबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले, "ज्या वायूपाशी तू दिवसभर काम करतेस, तो अंगाला बाधतो का?" मी घाईत "नाही" म्हणाले, ते उत्तर अपुरे होते, म्हणून सविस्तर लिहिते.

त्याचे नाव सल्फर हेक्झाफ्लोराइड. गंधकाच्या एका अणूभोवती फ्लोरिनचे सहा अणू इतके घट्ट बसलेले असतात, की हा वायू सहसा कशाशीच अभिक्रिया करत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, तो पेटत नाही आणि शुद्ध असताना विषारीही नाही. मात्र हवेपेक्षा सुमारे पाचपट जड असल्यामुळे तो खड्ड्यात साचतो आणि तिथला प्राणवायू बाजूला सारतो, म्हणून केबलच्या चरात उतरण्याआधी आम्ही हवा तपासतो. ब्रेकर, म्हणजे वीजप्रवाह तोडणारी मोठी कळ, प्रवाह तोडताना आत पेटणारी आर्क, म्हणजे विजेची ज्वाळा, तो उत्तम विझवतो. पण त्या उष्णतेत त्याचे थोडे विघटन होऊन विषारी घटक तयार होतात, त्यामुळे जुना ब्रेकर मी मास्क आणि हातमोज्यांशिवाय उघडत नाही. आई, एवढ्यावर तू निश्चिंत राहा.

मला काळजी आहे ती दुसरीच. हा वायू एकदा निसटला की हजार वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ हवेत राहतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो सुमारे २३,५०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. पृथ्वी तापवणारे वायू कमी करण्यासाठीच्या १९९७ च्या क्योटो करारात त्याचे नाव आले ते याचमुळे.

मागच्या महिन्यात एका ब्रेकरचा दाब थोडा उतरलेला दिसला. भरण्याआधी आणि भरल्यानंतर सिलिंडरचे वजन केले, तेव्हा ३०० ग्रॅमचा फरक निघाला, म्हणजे तेवढा वायू आधीच हवेत गेला होता. कार्बन डायऑक्साइडच्या मापाने तो जवळजवळ सात टन! कुणाला काही दिसले नाही, वास आला नाही, हेच मला फार लागले. साबणाचे पाणी लावून प्रत्येक जोड तपासला, तेव्हा खालच्या फ्लँजवर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगू लागले. आतला वायू यंत्राने खेचून सिलिंडरमध्ये परत घेतला आणि झिजलेली रबरी रिंग बदलली.

मध्यम विद्युतदाबाच्या नव्या उपकरणांसाठी निर्वात ब्रेकर, म्हणजे या वायूऐवजी निर्वात पोकळीत आर्क विझवणारा, चांगला पर्याय आहे आणि तोच घ्यावा, असे मी वरिष्ठांना लेखी कळवले आहे. दुरुस्त केलेल्या ब्रेकरचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा रोज सकाळी पाहते; अजून तो जागचा हललेला नाही.

तुमची,
लेक