फिनाईलचा वास म्हणजे स्वच्छ पिंजरा नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘पिल्लाला लस टोचायला दवाखान्यात नेलं आणि तिथूनच पार्वो घेऊन आलो’ ही तक्रार सोलापुरात अधूनमधून कानावर येते. दर वेळी ती खरी नसते. पार्वोचा (कुत्र्याच्या पिल्लांना होणाऱ्या रक्ताच्या जुलाबांच्या रोगाचा) विषाणू पोटात गेल्यापासून उलट्या-जुलाब सुरू व्हायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, क्वचित १४. काल दवाखान्यात गेलेले पिल्लू आज रक्ताचे जुलाब करत असेल, तर रोग घरातून किंवा गल्लीतून आधीच आलेला होता. पण तेच पिल्लू आठवड्याने आजारी पडले, तर दवाखान्यावरचा संशय झटकून टाकता येत नाही. अशा वेळी दोष बहुधा औषधाचा नसतो. बादली, पोछा, सुई आणि हात यांचा असतो. हे सगळे ज्यांच्या हाती असते त्या परिचरांविषयी, व्रणोपचारकांविषयी (जखमा धुऊन मलमपट्टी करणाऱ्यांविषयी) आणि खासगी दवाखान्यांतल्या मदतनिसांविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आधी फिनाईल. दवाखान्यात शिरताच त्याचा वास आला की मालकाला बरे वाटते. पार्वोला मात्र त्याने काही होत नाही. या विषाणूला बाहेरचे स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे फिनाईल, सुगंधी फ्लोअर क्लीनर, स्पिरिट, हाताला चोळायचे सॅनिटायझर हे सगळे त्याच्यापुढे निकामी ठरतात आणि तो फरशीच्या सांध्यांत महिनोन् महिने टिकतो. शिवाय काळे फिनाईल मांजराला विषारी. मांजर पंजे चाटते आणि तिच्या यकृताला फिनॉल पचवता येत नाही. पार्वोसाठी साधे, स्वस्त आणि खात्रीचे औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बोलीत ‘हायपो’. बाजारातले ५ टक्क्यांचे असेल तर १० लिटर पाण्यात साधारण ३३० मिली, १० टक्क्यांचे असेल तर त्याच्या निम्मे. ते नसेल तर ताजी ब्लीचिंग पावडर ५० ते ५५ ग्रॅम तेवढ्याच पाण्यात कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी वापरावे. गुठळ्या झालेली, वास गेलेली पावडर म्हणजे नुसता चुना.

इथेही तीन ठिकाणी गाडी अडते. विष्ठा, रक्त, केस तसेच ठेवून वर क्लोरीन ओतले तर ते त्या घाणीवरच खर्ची पडते. म्हणून आधी कागदाने उचलायचे, साबणाच्या पाण्याने घासायचे, धुवायचे आणि मगच औषध. दुसरे, फरशी १० मिनिटे ओली राहायला हवी. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळीसच्या वर असतो, पंख्याखाली फरशी बघता बघता वाळते. दोनदा-तीनदा पुन्हा ओली केली नाही तर सगळी मेहनत वाया. तिसरे, हायपोचा कॅन उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवला की महिन्या-दोन महिन्यांत त्याचा जोर उतरतो, आणि बादलीत कालवलेले तर रोज ताजे हवे. लघवीवर थेट हायपो ओतू नये, टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडमध्ये तर कधीच मिसळू नये. त्या धुराने आधी मांजरे आणि पक्षी गुदमरतात, मग माणसे. १० मिनिटांनी पिंजरा साध्या पाण्याने धुऊन, कोरडा करूनच पुढचे जनावर आत घ्यावे.

पिंजऱ्यात काय अंथरावे, हा आपल्या गावचा खास प्रश्न. सोलापुरी टॉवेलचा सेकंड माल स्वस्तात मिळतो, म्हणून तोच वापरला जातो. पण टर्किशच्या विणीत जुलाब मुरतात आणि पिल्लांची नखे अडकतात. पार्वोच्या पिल्लाखाली वर्तमानपत्राची रद्दी बरी: एकदा वापरली की थेट दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. (संपादकांनी राग मानू नये.) टॉवेल वापरायचेच तर आधी घाण झटकून नव्हे, पाण्याने काढावी, मग हायपोत भिजवून वेगळे धुवावेत, ऑपरेशनच्या कापडांबरोबर एकाच बादलीत नकोत.

नळाला रोज पाणी नाही, ही सबब खरी आहे. पण त्यामुळे ड्रममध्ये तांब्या बुडवून हात धुतले जातात, आणि दुपारपर्यंत त्या ड्रममध्ये सकाळच्या प्रत्येक रुग्णाचे काही ना काही उतरलेले असते. ड्रमला तळाशी तोटी बसवून तो उंचावर ठेवला की प्रश्न मिटतो. साबणाने ४० ते ६० सेकंद, कोपरापर्यंत, वाहत्या पाण्याखाली. बोअरच्या जड पाण्यात फेस येत नाही, साबण जास्त लागतो, तेवढा लावावा.

औषधाच्या बाटलीच्या रबरी बुचात कायमची खोचून ठेवलेली सुई अनेकांनी पाहिली असेल. दर वेळी नवी सुई टोचायचा कंटाळा, एवढेच तिचे कारण. त्या सुईच्या उघड्या तोंडातून धूळ आणि जंतू आत उतरतात आणि सिरिंज बदलत राहिली तरी बाटली दूषित होत जाते. कापसाच्या बोळ्यांची बरणीही तशीच. सकाळी पातळ सॅव्हलॉनमध्ये बोळे भिजवायचे आणि दिवसभर त्याच बरणीत बोटे घालायची. पातळ औषधात काही जंतू मरण्याऐवजी वाढतात. बोळे कोरडे ठेवावेत आणि लागेल तेव्हा ओले करावेत.

सलाईनवरच्या पिल्लाची देखभाल म्हणजे मुख्यतः सलाईन लावलेल्या पायाकडे लक्ष. केस काढून, क्लोरहेक्सिडिन किंवा स्पिरिटने पुसून, ते वाळल्यावर कॅन्युला (शिरेत राहणारी बारीक नळी) घालायची आणि चिकटपट्टीवर तारीख-वेळ लिहायची. दिवसातून किमान दोनदा पट्टी सोडून बघायचे. पंजा सुजला असेल तर एक तर पट्टी करकचून बांधली आहे किंवा सलाईन शिरेबाहेर चालले आहे. जागा लाल, कडक, दुखरी वाटली तर कॅन्युला काढून दुसरा पाय धरावा. ‘चालतंय ना अजून’ म्हणून तीच ठेवली की जंतू रक्तात जातात. जुलाबाने पट्टी भिजली तर वेळ न बघता बदलायची. अर्धी उरलेली सलाईनची बाटली दुसऱ्या जनावराला लावू नये.

जनावरांच्या दवाखान्यातला खोडा, म्हणजे गाय-म्हैस अडकवून तपासायची लोखंडी चौकट, मात्र कोणी धूतच नाही. गाय ज्या आडव्या पाइपवर जबडा टेकते तिथे हात फिरवून बघा: वाळलेली लाळ, दाव्याचे तंतू, गोचिडाचे रक्त. लाळ खुरकुताची एक गाय तिथे उभी राहून गेली की पुढच्या प्रत्येक जनावराला तो पाइप चाटायला मिळतो. लोखंडाला हायपोने गंज चढतो, तिथे धुण्याचा सोडा चांगला: लिटरला ४० ग्रॅम. या रोगाचा विषाणू आम्लात टिकत नाही आणि अल्कलीतही नाही. २०२२ मध्ये लम्पी (गाईगुरांच्या अंगावर गाठी आणणारा त्वचारोग) आली तेव्हा ‘एक जनावर, एक सुई’ सगळ्यांना पाठ झाले होते. साथ ओसरली आणि सवयही सैल पडली.

हत्यारे उकळली की निर्जंतुक झाली, असा समज अजून आहे. धनुर्वाताचे बीजाणू उकळत्या पाण्यात तग धरतात. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) १५ पौंड दाब, १२१ अंश, आणि गुंडाळलेल्या सामानाला साधारण अर्धा तास. तोही आतली हवा पूर्ण बाहेर गेल्यावर मोजायचा. कुत्र्यांच्या नसबंदी शिबिरात दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये हत्यारे ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकात २० मिनिटे बुडवणे हे निर्जंतुकीकरण नाही. २ टक्के द्रावणात त्याला १० तास लागतात. दर कुत्र्याला हत्यारांचा वेगळा संच, नाहीतर शिबिराचा आकडा कमी ठेवा.

कचऱ्याबाबत, २०१६ चे जैव-वैद्यकीय कचरा नियम पशुवैद्यकीय दवाखान्यांनाही लागू आहेत. सुया पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात. वार (व्याल्यावर पडणारा जार) आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, आणि तो ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने ओढणाऱ्याला ब्रुसेलोसिस होऊ शकतो. कुत्री हाताळणाऱ्या प्रत्येकाला रेबीजची प्रतिबंधक लस आधीच मिळायला हवी. दोन्ही गोष्टी सर्वांना माहीत आहेत. हातमोजे आणि लस मात्र कंत्राटी मदतनिसापर्यंत पोहोचत नाहीत.

महापालिका आणि जिल्हा परिषद यांच्याकडे मागणी छोटी आहे. नव्या सोनोग्राफी यंत्राआधी प्रत्येक दवाखान्याला तोटीचा ड्रम, चालू ऑटोक्लेव्ह, सांसर्गिक रुग्णांसाठी वेगळी खोली आणि तिच्यापुरतेच बादली, पोछा व गमबूट द्या. मदतनिसाने निरोगी जनावरांचे काम आधी आणि त्या खोलीचे शेवटी करावे, हे भिंतीवर लिहून लावा.

मालकांनीही थोडे करावे. लसीचे डोस पूर्ण न झालेले पिल्लू दवाखान्याच्या फरशीवर सोडू नका, मांडीवरच ठेवा. उलट्या-जुलाबाचे पिल्लू असेल तर आधी फोन करा आणि रिक्षातच थांबा, तपासणाऱ्याला बाहेर येऊ द्या. आणि तोंडातून लाळ गळणारी, लंगडणारी गाय टेम्पोत घालून दवाखान्यात किंवा बाजारात आणू नका. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकाला गोठ्यावर बोलवा.

आपले,
पशुवैद्यकीय दवाखान्यांत काम करणारे काही जण,
सोलापूर